हायड्रिला, दिवा आणि बुडबुडे: पाणवनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणाच्या प्रयोगाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकमध्ये अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. दिवाळीची सुट्टी संपली की विज्ञान प्रदर्शनांची धावपळ सुरू होते. मग वर्गातली मुलं, त्यांचे आईवडील, कधी शेजारच्या इमारतीतली सातवी-आठवीची मुलंसुद्धा हाच प्रयोग घेऊन येतात: प्रकाश कमी-जास्त केला तर पाण्यातली वनस्पती किती प्रकाशसंश्लेषण करते? दरवर्षी पुन्हा पुन्हा समोर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

या प्रयोगात नेमकं काय करायचं असतं?

हायड्रिलासारख्या पाणवनस्पतीची पाण्यात बुडालेली हिरवी फांदी उजेडात ठेवली की ती ऑक्सिजन सोडते आणि तो देठाच्या कापलेल्या टोकातून बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येतो. एका मिनिटात किती बुडबुडे आले ते मोजायचं. मग प्रकाश बदलायचा आणि पुन्हा मोजायचं. वाचायला इतकं सोपं आहे. खरी परीक्षा पुढे आहे: प्रकाश बदलताना दुसरं काहीही बदलू द्यायचं नाही. खालची बहुतेक उत्तरं याच एका अडचणीभोवती फिरतात.

हा प्रयोग नवा नाही. यान इंगेनहाउस या मूळच्या डच डॉक्टरने १७७९ मध्ये इंग्लंडमध्ये पाण्यात बुडवलेल्या पानांवर हेच पाहिलं. उन्हात बुडबुडे येतात, अंधारात थांबतात. त्याने आणखी एक गोष्ट ठामपणे मांडली, ती म्हणजे हे काम सूर्याच्या उजेडाचं आहे, उबेचं नाही. सव्वादोनशेहून अधिक वर्षांनंतर आपली मुलं याच दोन गोष्टींची गल्लत करतात, म्हणून तो मला जवळचा वाटतो. आपल्याकडे जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात हायड्रिलावरच काम केलं, बुडबुडे आपोआप नोंदवणारं यंत्र बनवलं आणि १९२४ मध्ये या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पाठ्यपुस्तकातला हायड्रिला किती मोठ्या माणसाच्या हाताखालून गेला आहे, हे मुलांना सांगितलं की ती जरा सावरून बसतात.

हायड्रिला कुठे मिळेल? ओळखायचा कसा?

मासे आणि काचेच्या टाक्या विकणाऱ्या दुकानात मिळतो. बारीक देठ, त्यावर थोड्या थोड्या अंतराने तीन ते आठ पानांचं वर्तुळ आणि पानाच्या कडेला बारीक दाते, ही त्याची खूण. पानं फाट्याफाट्यांची, हरणाच्या शिंगासारखी असतील तर तो सेराटोफायलम. तोही चालतो. लांब फितीसारखी पानं असतील तर ती व्हॅलिस्नेरिया, पण तिच्यात बुडबुडे मोजणं अवघड जातं.

नदी-तलावातून आणायचा असेल तर मोठं माणूस सोबत हवं. आणि एक गोष्ट कळकळीने सांगते: प्लॅस्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याच्या काठावर जाऊ नका. निफाड-दिंडोरीकडच्या मुलांना ते घरचंच वाटतं, पण ओल्या कागदावर पाय घसरला की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. नांदूर मध्यमेश्वरचं पाणी कितीही खुणावलं तरी तिथूनही काही उपटून आणू नका. ते अभयारण्य आहे आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं आहे.

गोदावरीतली पाणवेल वापरली तर? ती तर फुकट मिळते.

नाही चालणार, पण प्रश्न चांगला आहे. पाणवेलीची, म्हणजे जलपर्णीची, पानं पाण्याच्या वर, हवेत असतात. त्यांचा ऑक्सिजन हवेत जातो, त्यामुळे मोजायला बुडबुडेच मिळत नाहीत. आपल्याला पूर्ण बुडून जगणारी वनस्पती हवी. गोदावरीच्या तब्येतीशीही याच फरकाचा संबंध आहे, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

सगळं केलं, पण बुडबुडे येतच नाहीत. काय चुकलं?

बहुतेक वेळा देठ. पाच ते आठ सेंटिमीटरची ताजी, गर्द हिरवी, शेंड्याची फांदी घ्या. देठ पाण्याखाली धरून धारदार ब्लेडने तिरका कापा आणि फांदी उलटी ठेवा: कापलेलं टोक वर, शेंडा खाली. वर येत असेल तर शेंड्याला कागदाची पिन हलकेच अडकवा. हायड्रिलाच्या देठात हवेच्या बारीक पोकळ्या असतात. पानांत तयार झालेला वायू त्यांतून टोकापर्यंत येतो. बोथट कात्रीने कापलं की या पोकळ्या चेपतात आणि वाट बंद होते. म्हणून बुडबुडे अडले तर टोकाचा एक-दोन मिलिमीटरचा तुकडा पुन्हा कापा, पण त्या फांदीची आधीची मोजणी मग बाद समजा. टोक बदललं की बुडबुड्याचा आकारही बदलतो.

दुसरं कारण म्हणजे घाई. दुकानातून पिशवीत कोंबून आणलेली फांदी लगेच कामाला लागत नाही. आदल्या दिवशी आणा आणि पाण्यात, खिडकीशी ठेवा.

पाण्यात खाण्याचा सोडा का घालायचा? किती?

प्रकाशसंश्लेषणाला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि बंद भांड्यातल्या पाण्यात तो फार नसतो, लवकर संपतो. तो संपला की तुम्ही दिवा कितीही जवळ आणा, बुडबुडे वाढणार नाहीत आणि दोष मात्र प्रकाशाला द्याल. खाण्याच्या सोड्यातून बायकार्बोनेट मिळतं, हायड्रिला ते वापरू शकतो. अर्धा लिटर पाण्याला सपाट पाव चमचा सोडा पुरतो.

स्वयंपाकघरात चुकीचा डबा उचलला जाऊ शकतो. धुण्याचा सोडा नको, तो वेगळा पदार्थ आहे. बेकिंग पावडर नको, पित्तावरची फसफसणारी पूडही नको. या दोन्हींत आम्ल असतं, पाण्यात पडताच बुडबुडे उठतात, आणि ते वनस्पतीचे नसतात.

सोड्याचं महत्त्व डोळ्यांनी पाहायचं असेल तर एक भांडं उकळून, झाकून गार केलेल्या पाण्याचं ठेवा. उकळल्यावर विरघळलेले वायू निघून जातात, त्यामुळे त्यात फांदी जवळजवळ गप्प बसते. मग सोडा घाला आणि थांबा.

दिवा कोणता घ्यावा?

एलईडी. इथे मी थोडं लांबण लावणार आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या विद्यार्थ्यांनी तारेचा जुना १०० वॅटचा बल्ब वापरला. दिवा लांबून जवळ आणत गेले, बुडबुडे वाढत गेले, आलेख सुंदर चढता आला. सगळे खूश. मीही खूश होते. नंतर एका मुलीने सहज भांड्याला हात लावला आणि म्हणाली, "मॅडम, पाणी कोमट झालंय." थर्मामीटर आम्ही बुडवलाच नव्हता. दिवा जवळ येताना प्रकाशही वाढत होता आणि तापमानही. बुडबुडे कोणामुळे वाढले हे सांगायला आमच्याकडे काहीच नव्हतं. त्यात गरम पाण्यात वायू कमी विरघळतो, म्हणून पाणी तापलं की त्यातला वायू नुसताच सुटून वर येतो. आमच्या मोजणीत असे किती बुडबुडे होते कोण जाणे. तो सगळा दिवस आम्ही बाद केला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. ती मुलगी मला आजही आठवते.

तारेचा बल्ब बहुतेक वीज उष्णतेत घालवतो. एलईडी तितका तापत नाही, तरी थर्मामीटर भांड्यात असायलाच हवा आणि प्रत्येक मोजणीसोबत तापमान लिहायलाच हवं. फरक एका अंशाच्या आत राहिला तर उत्तम. दिवा आणि भांडं यांच्यामध्ये साध्या पाण्याने भरलेली चपटी काचेची बरणी उभी केली तर ती बरीच उष्णता अडवते. वायर, होल्डर आणि पाणी एकमेकांपासून लांब असू द्या. ओल्या हाताने बटण दाबू नका.

अंतर दुप्पट केलं की प्रकाश निम्मा होतो ना?

नाही, चौथाई होतो. दिव्यातून निघालेला प्रकाश चहूकडे पसरत जातो, त्यामुळे त्याची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. १० सेंटिमीटरवरच्या प्रकाशाला १०० धरलं तर २० वर तो २५ उरतो, ३० वर सुमारे ११, ४० वर सव्वासहा आणि ५० वर फक्त ४. म्हणून आलेखाच्या आडव्या अक्षावर अंतर लिहू नका, प्रकाश लिहा. अंतर लिहिलं की वक्र उलटा येतो आणि त्यातून काहीच वाचता येत नाही.

हा नियम लहानशा दिव्याला लागू होतो. लांब ट्यूबलाइट किंवा रुंद पॅनेल जवळ असेल तर आकडे जुळणार नाहीत. अंतर भांड्याच्या काचेपासून मोजू नका, फांदीपासून मोजा. आणि पडदे लावा. दिवा ५० सेंटिमीटरवर नेल्यावर खिडकीतला उजेड त्याच्यापेक्षा जास्त असू शकतो. मग तुम्ही दिव्यावर प्रयोग करताय की कॉलेज रोडवरच्या दुपारवर, हेच कळत नाही.

दिवा न हलवता प्रकाश कमी करता येतो का?

येतो, आणि त्याचं साधन नाशिककरांच्या अगदी हाताशी आहे: शेडनेट. रोपवाटिकेवर घालतात तीच जाळी. दुकानात ती ३५, ५०, ७५, ९० अशा टक्क्यांनी मागतात आणि तो आकडा साधारण किती ऊन अडतं ते सांगतो. ५० टक्क्यांच्या जाळीचा एक थर भांड्याभोवती गुंडाळला की निम्मा प्रकाश, दोन थर गुंडाळले की चौथाई, तीन थर की अष्टमांश. दिवा जागचा हलत नाही, म्हणून तापमानही फारसं बदलत नाही. मला ही पद्धत अंतर बदलण्यापेक्षा जास्त प्रामाणिक वाटते.

जाळी काळी घ्या. हिरवी जाळी रंगही थोडा बदलते आणि मग प्रकाश कमी झाला की वेगळा झाला हा नवाच प्रश्न उभा राहतो. रंगीत जिलेटीन कागदाचीही हीच अडचण आहे. लाल, निळा, हिरवा प्रकाश हा अभ्यासाचा छान विषय आहे, पण तो वेगळा प्रयोग.

मोबाइलवरचं लक्समीटर चालेल का?

तुलनेसाठी चालेल. दोन फोन वेगळे आकडे दाखवतील, म्हणून सगळ्या नोंदी एकाच फोनने, फांदीच्याच जागी फोन धरून घ्या. आकड्याचा अंदाज असावा म्हणून सांगते: भर दुपारचं ऊन एक लाख लक्सच्या आसपास असतं, आणि ज्या खोलीत आपण आरामात वाचतो तिथे काहीशेच असतात. आपल्या डोळ्याला हा फरक इतका मोठा वाटत नाही, वनस्पतीला तो पोट भरणं आणि उपाशी राहणं यांतला फरक असतो.

लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बनलं आहे. डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड सगळ्यात प्रखर भासतो, तर हरितद्रव्य लाल आणि निळा जास्त शोषतं. त्यामुळे एकाच दिव्याच्या नोंदींची तुलना करा. एलईडीचे १००० लक्स आणि उन्हाचे १००० लक्स वनस्पतीसाठी अगदी सारखे नसतात.

किती वेळ मोजायचं आणि किती वेळा?

प्रकाश बदलल्यावर पाच मिनिटं थांबा. मग एक-एक मिनिट असं तीनदा मोजा आणि सरासरी घ्या. कमी प्रकाशातून जास्तकडे गेलात की परत त्याच पायऱ्यांनी खाली उतरा. उतरताना आकडे बरेच वेगळे आले तर फांदी दमली आहे, सोडा संपत आला आहे किंवा पाणी तापलं आहे. ही परतीची फेरी फार कमी मुलं करतात. सगळ्या प्रकाशांना एकच फांदी हवी, आणि शक्य असेल तर अख्खा प्रयोग आणखी दोन फांद्यांवर करावा.

बुडबुडे लहान-मोठे येतात, मग नुसती संख्या मोजून काय उपयोग?

खरं आहे. जमत असेल तर वायूचं आकारमान मोजा. एक मिलिलिटरची सुई नसलेली सिरिंज दट्ट्या काढून, अरुंद तोंड चिकटवून बंद करून, पाण्याने भरून टोकावर उलटी धरली तरी काम होतं. वायू साठेल तसं पाणी खाली सरकतं आणि रेघांवर वाचता येतं. वेळ जास्त लागतो, एका नोंदीला अर्धा-पाऊण तासही लागू शकतो.

दिवा अगदी जवळ आणला तरी बुडबुडे वाढेनासे झाले. प्रयोग फसला का?

फसला नाही. या प्रयोगातलं सगळ्यात मोलाचं निरीक्षण तुम्हाला आत्ता मिळालं आहे, आणि नेमकं इथेच येऊन मुलं घाबरतात.

कमी प्रकाशात प्रकाशच तोकडा असतो, म्हणून तो वाढवला की बुडबुडे वाढतात आणि आलेख सरळ चढतो. पुढे एका टप्प्यावर प्रकाश पुरेसा होतो आणि दुसरंच काहीतरी तोकडं पडू लागतं: कधी कार्बन डायऑक्साइड, कधी तापमान, कधी पानातली विकरंच (एन्झाइम). मग प्रकाश कितीही ओता, वेग वाढत नाही आणि रेघ आडवी होते. अनेक गोष्टींवर चालणाऱ्या क्रियेचा वेग जी गोष्ट सगळ्यात अपुरी असेल तिच्यावर ठरतो, हे ब्लॅकमन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९०५ मध्ये मांडलं. पोळ्यांचं उदाहरण मी नेहमी देते. लाटणारे चार हात असले तरी तवा एकच असेल तर पोळ्या तव्याच्या वेगानेच होणार. पाचवा लाटणारा बसवून उपयोग नाही, दुसरा तवा हवा.

हे तपासूनही पाहता येतं. रेघ आडवी झाली त्या प्रकाशातच थोडा सोडा आणखी घाला आणि दहा मिनिटांनी मोजा. बुडबुडे वाढले तर अडसर कार्बन डायऑक्साइडचा होता. नाही वाढले तर पाणी चार-पाच अंशांनी कोमट करून पाहा. प्रदर्शनात ही एवढी पुढची पायरी जरी दाखवलीत, तरी परीक्षक तुमच्याशी वेगळ्या सुरात बोलू लागतात, हा माझा अनुभव आहे.

फार तीव्र उन्हात रेघ खालीही वळू शकते. हायड्रिलाला गढूळ, खोल पाण्यातल्या मंद उजेडाची सवय असते. अतिप्रकाशात पानातली प्रकाश पकडणारी यंत्रणा दुखावते.

डिसेंबरमध्ये सकाळी केला तर बुडबुडे फारच कमी आले. असं का?

नाशिकची थंडी. निफाडला पारा किती खाली जातो हे आपण दरवर्षी पेपरात वाचतो. रात्रभर ओट्यावर राहिलेलं पाणी सकाळी गारठलेलं असतं, आणि गार पाण्यात विकरं संथ चालतात. अशा वेळी तापमानच तोकडं पडतं आणि प्रकाशाचा परिणाम दिसतच नाही. दुपारी करा, किंवा भांडं कोमट पाण्याच्या परातीत ठेवून सगळ्या नोंदी एकाच तापमानाला, साधारण २५ अंशांना घ्या.

बुडबुड्यात शुद्ध ऑक्सिजन असतो का? पूर्ण अंधारात शून्य यायलाच हवं का?

शुद्ध नसतो. पाण्यात विरघळलेला नायट्रोजनही त्यात मिसळतो. नरसाळ्यावर परीक्षानळी उपडी ठेवून दिवसभर उन्हात वायू साठवला आणि विझवलेली, निखारा असलेली उदबत्ती आत नेली तर निखारा लखलखतो. प्रत्येक वेळी ज्योत पेटेलच असं नाही.

अंधार केल्यावर पहिली एक-दोन मिनिटं साठलेल्या वायूचे थोडे बुडबुडे येतात, मग थांबतात. मंद उजेडातही शून्य येऊ शकतं, पण त्याचा अर्थ प्रकाशसंश्लेषण बंद आहे असा नव्हे. वनस्पती श्वसनही करत असते आणि झालेला ऑक्सिजन स्वतःच वापरते. उरलेला थोडा पाण्यात विरघळून जातो. बुडबुडा दिसतो तो या सगळ्यांतून शिल्लक राहिलेला. म्हणून अहवालात "मंद प्रकाशात बुडबुडे आले नाहीत" असं लिहा, "प्रकाशसंश्लेषण झालं नाही" असं लिहू नका.

याचा गोदावरीशी काय संबंध?

थेट संबंध आहे. पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पती आणि सूक्ष्म शैवालं दिवसा पाण्यातच ऑक्सिजन सोडतात, मासे त्यावर जगतात. पाणवेलीची गादी पसरली की ती पाण्यावरचं छतच होते. खाली उजेड पोहोचत नाही, खालच्या वनस्पती आपल्या आलेखाच्या डाव्या टोकाला, शून्याजवळ ढकलल्या जातात. पाणवेलीचा स्वतःचा ऑक्सिजन हवेत जातो, आणि ती मरून तळाशी कुजली की पाण्यातला उरलासुरला ऑक्सिजनही खर्च होतो. वरून हिरवंगार दिसणारं पाणी आतून गुदमरत असतं. हे भांड्यातही दाखवता येतं: एका भांड्यावर पाणवेलीच्या पानांचं झाकण ठेवा, दुसरं उघडं ठेवा आणि दोन्हींत हायड्रिलाचे बुडबुडे मोजा. माझ्या मते नाशिकच्या मुलांनी करावा असा हा सगळ्यात चांगला विस्तार आहे.

पावसाळ्यातल्या लाल गढूळ पाण्याचंही तसंच. पाण्यात उजेड किती खोल जातो हे पाहण्यासाठी सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये पांढरी तबकडी दोरीने सोडून ती दिसेनाशी होण्याची खोली मोजली. आजही तीच पद्धत वापरतात. उंच पारदर्शक बरणीत माती कालवून घरीही करून पाहता येईल.

एकच नोंद आलेखात बसत नाही. थोडी बदलली तर चालेल का?

नाही. ती तशीच लिहा, तिच्याभोवती गोल करा आणि तेव्हा काय घडलं होतं ते शेजारी लिहा: कोणी पडदा उघडला होता का, देठाचं टोक बुजलं होतं का. शक्य असेल तर तेवढी पुन्हा घ्या आणि दोन्ही आकडे दाखवा. सुंदर बसणारा आलेखही चुकीचा असू शकतो, हे त्या कोमट पाण्याने आम्हाला शिकवलंच आहे.

प्रयोग संपल्यावर वनस्पती नदीत सोडू का?

मुळीच नको. दुकानातल्या फांदीसोबत बाहेरच्या देशातल्या वनस्पतींचे तुकडेही येतात. काबोंबा दक्षिण अमेरिकेतून आलेला आहे, आणि पाणवेलही तिथलीच. तुटलेल्या छोट्या तुकड्यातून या वनस्पती पुन्हा वाढतात. टाकी असेल तर त्यात लावा. नाहीतर गच्चीवर उन्हात कडकडीत वाळवा आणि मग कुंडीतल्या मातीत मिसळा. सोड्याचं पाणी मात्र कुंडीत ओतू नका, मोरीत टाका.